विहीणबाईंचं जेवण, गजराबाईंचं पोट

हिंगणखोरे गावात ज्याचं जेवण तो जेवतो, पण ते पचवतं दुसरंच कोणीतरी. आणि त्या वर्षीच्या चिठ्ठ्यांमध्ये गजराबाई चिखले यांच्या वाट्याला त्यांच्या विहीणबाई आल्या.

यात चिठ्ठ्यांचा काही दोष नव्हता. गावात दूध सहकारी होतं, नदीचं पाणी सहकारी होतं, ऊस सहकारी होता, लग्नाची भांडीसुद्धा सहकारी होती. एकटं पचन तेवढं खासगी राहिलं होतं. कोणी भाकरीवर भाकरी रिचवून कट्ट्यावर खुशाल घोरत पडे, तर कोणी दोन घास भात खाऊन दुपारभर छाती चोळत बसे. ही विषमता जाणत्या मंडळींना बघवेना, म्हणून त्यांनी हिंगणखोरे सहकारी पचन सोसायटी काढली. तेव्हापासून दर पाडव्याला देवळात सभा भरते, पितळी घागरीतून चिठ्ठ्या निघतात आणि पुढचं वर्षभर कोणाचं अन्न कोणाच्या पोटात जिरायचं ते ठरतं.

कामाची वाटणी अगदी स्वच्छ आहे. चावणं आणि गिळणं खाणाऱ्याकडे. घास गळ्याखाली उतरला की तो पचवणाऱ्याच्या जठरात दाखल होतो. तिथे तीन-चार तास आंबट रसात त्याची घुसळण चालते, आणि पार पिठल्यासारखा पातळ झाला की खालच्या बारीक दारातून थोडाथोडा पुढे सोडला जातो. पुढे लहान आतडं. नाव लहान, पण सरळ केलं तर वीस फूट भरेल. तिथे वरून पित्त येतं, स्वादुपिंडाचा रस येतो, अन्नाची फोड होते आणि आतड्याच्या मखमली भिंती सगळं सत्त्व ओढून घेतात. हे सत्त्व मात्र खाणाऱ्याच्याच अंगी लागतं. उरलेला चोथा मोठ्या आतड्याच्या वेशीवर पुन्हा खाणाऱ्याच्या ताब्यात दिला जातो. शेवटचं काम कोणी करायचं यावर पहिल्या सभेत तीन तास चर्चा झाली होती आणि ज्याचं त्यानं करावं असं एकमतानं ठरलं. सोसायटीच्या इतिहासात एकमत झालं ते तेवढंच.

सोसायटीचे सेक्रेटरी जिनदत्त उपाध्ये हे घरच्या रीतीप्रमाणे दिवस मावळल्यावर काही खात नसत. त्यांचं अन्न पचवणाऱ्याला रात्री निवांत झोप लागे, त्यामुळे दर पाडव्याला अख्खं गाव त्यांची चिठ्ठी आपल्याला निघावी म्हणून देवाला हात जोडी. उपाध्ये नियमाला पक्के. नवरा-बायकोची जोडी लावायची नाही, रक्ताच्या नात्यात लावायची नाही, हे पोटनियमांत लिहिलेलं होतं. विहिणी-विहिणींबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. पोटनियम लिहिणाऱ्या गृहस्थांनी लग्नच केलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते सुचलं नाही.

गजराबाईंची आणि कलावतीबाई खराडे यांची बोलचाल दोन वर्षं बंद होती. गजराबाईंची एकुलती एक वैजू कलावतीबाईंच्या विलासला दिलेली. लग्नात विहिणीच्या पंगतीला कलावतीबाईंनी दुसऱ्यांदा जिलबी मागितली आणि नेमकी तेव्हाच परात रिकामी झाली. कलावतीबाईंनी ताटातच हात धुतले. तेव्हापासून दोघी एकाच गावात राहून, एकाच गिरणीत दळण टाकून, एकमेकींना दिसत नव्हत्या.

चिठ्ठी निघाली तेव्हा गजराबाईंनी हरकत घेतली. हरकतीचा मुद्दा भांडणाचा नव्हता, रीतीचा होता. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या सासरी अन्न खाऊ नये, पाणीदेखील पिऊ नये, ही गजराबाईंच्या घरची रीत. मग लेकीच्या घरचं अन्न पचवायचं ते कसं? उपाध्यांनी दोन दिवस विचार केला आणि लेखी निर्णय दिला: खाणे वेगळे, पचवणे वेगळे, पहिल्याने रीत मोडते, दुसऱ्याने मोडत नाही. चिठ्ठी कायम झाली.

पहिले आठ दिवस गजराबाई मनातून धुमसत होत्या. विहीणबाईंचं अन्न पचवायला पित्त गजराबाईंचं लागणार होतं, पण त्या बाबतीत टंचाई नव्हती. पुढे पुढे मात्र त्यांच्या ध्यानात एक गोष्ट येऊ लागली. चव जिभेची, ती खाणाऱ्याकडेच राहते. पण पोटालाही कळतं. तुपातलं जड बसतं आणि तास-तास हलत नाही, भात लवकर निसटतो, ज्वारीची भाकरी ठाम मांडी घालून बसते. आणि पोटाला हातही कळतो. आमटीत लसूण ठेचून घातलाय की चिरून, डाळ मऊ शिजलीय की घाईनं उतरवलीय, हे जठर घुसळता घुसळता ओळखतं. रोज दुपारी साडेबाराच्या सुमाराला गजराबाईंच्या पोटात जे उतरायचं ते वैजूच्या हातचं असायचं.

दोन वर्षांत त्यांनी लेकीच्या हातचा घास खाल्ला नव्हता. आता रोज पोटात येत होता. त्या दारातल्या पायरीवर बसायच्या, पदराखाली पोटावर हात ठेवायच्या आणि आज शेवग्याची आमटी केली वाटतं पोरीनं, असं म्हणत डोळे पुसायच्या. कोणी विचारलं तर धूर गेला म्हणायच्या.

दुसरी गोष्ट विहीणबाईंबद्दल होती. कलावतीबाई गावभर सांगत की आपण काय, चिमणीएवढं खातो. ती चिमणी दुपारी पंगतीत दोन घास खाई, हे खरं होतं. पण तासाभरानं गजराबाईंच्या पोटात तीन भाकऱ्या आणि वाडगाभर आमटी येऊन आदळायची. आणि घास कसे, तर नीट न चावलेले, तुकडेच्या तुकडे. असे घास दाराआड उभं राहून, कानोसा घेत खाणाऱ्या माणसाचेच असतात. गजराबाईंना हसू यायचं. पण हे बोलायची सोय नव्हती. नियम चौदा: पोटात आलेलं पोटातच ठेवावं. नियम मोडला की चिठ्ठी रद्द, आणि पचवण्याचं काम दुसऱ्याकडे.

वैशाख सरता सरता कलावतीबाईंनी गावात बोलायला सुरुवात केली. सुनेच्या हातचं मला पचत नाही, असं त्या आधी शेजारणींना म्हणाल्या, मग भजनात म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या की आखाडाला सून माहेरी जाईल, तिला आणायला कोणी जाणार नाही.

यामागचं कारण गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कलावतीबाईंना सोडून सगळे ते बोलून दाखवत होते. अठ्ठावीस वर्षं खराड्यांची आमटी म्हणजे कलावतीबाईंची आमटी होती. आता पाहुणा जेवायला बसला की पहिला घास खाऊन विचारायचा, सूनबाईंनी केलंय का? विलास तर चुलीपुढे आई बसली की ताटावर उशिरा येई. पोरगा वाईट नव्हता, पण आई बोलायला लागली की तो ताटातली मिरची शोधत बसायचा, आणि ती त्याला कधी सापडायची नाही.

गिरणीत वैजू भेटली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. ती सासूबद्दल आईला म्हणाली की आत्ती माझ्या हातचं पचत नाही म्हणून ताटावर नाक मुरडते, दोन घास खाऊन उठते, आणि वर त्या घरात मांजर झालंय. रोज भाकऱ्या कमी होतात. मी दुरडीवर पाटा ठेवला, तर मांजरानं पाटासुद्धा उचलून बाजूला ठेवला.

गजराबाईंच्या ओठांवर सगळं आलं होतं. गिरणीचा रघू पट्टा थांबवून ऐकत उभा होता. त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि पाटा काढून टाक, एवढंच सांगितलं.

रघूकडून गोष्ट उपाध्यांकडे गेली, आणि उपाध्यांनी त्यातला एकच शब्द धरला. पचत नाही, असं एका सभासदानं जाहीर म्हणणं ही घरगुती कुरबूर नव्हे. खराडेबाईंचं अन्न चिखलेबाई पचवतात. तेव्हा पचत नसेल तर तक्रार सुनेविरुद्ध की पचवणारीविरुद्ध, याचा निकाल सोसायटीला लावावाच लागेल. दोन्ही घरांना नोटिसा गेल्या. आखाड लागायच्या आदल्या सोमवारी, दुपारी बारा वाजता, खराड्यांच्या सोप्यात पचनाचा पंचनामा होईल. दोघींनी आदल्या संध्याकाळपासून काही खाऊ नये. खराडेबाई सुनेच्या हातचं एक ताट पंचांसमक्ष जेवतील आणि चिखलेबाई पंचांसमक्ष पचवतील. अन्न पचलं नाही, तर सुनेला माहेरी ठेवण्यास सोसायटीची हरकत नाही.

त्या शेवटच्या वाक्यानं गजराबाईंची झोप उडाली. पोरगी परत आली तर चार भिंतींत मावली असती. तिच्यासाठी भाकरी कमी पडणार नव्हती. पण वैजूला परत यायचं नव्हतं. तिला विलास आवडत होता, मिरची शोधणारा का होईना. तिला ते घर हवं होतं. आणि आईला, हे त्यांनी देवापुढेच कबूल केलं, ती दुपारची साडेबाराची वेळ हवी होती.

सोमवारी सोप्यात पंचांसाठी घोंगडी अंथरली होती. मधोमध कलावतीबाईंचा पाट, समोर सहा हातांवर गजराबाईंची लोखंडी खुर्ची. उपाध्ये वही उघडून बसले. शेजारी कंपाउंडर इस्माईल मुल्ला होते. ते सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले, आणि गावात पोटाला नळी लावून कुठलं अन्न कुठवर पोचलंय ते सांगणारे तेवढेच. विलास खांबाला टेकून उभा. वैजू आतल्या उंबऱ्यात, हातात ताट.

मुल्लांनी सुरुवातीची तपासणी म्हणून गजराबाईंच्या पदरावरून नळी लावली, डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. ते उपाध्यांना हळू आवाजात म्हणाले की जठर रिकामं नाही. घुसळण जोरात चालू आहे. माल जड आहे, तुपातला किंवा लोण्यातला. आत येऊन तास-दोन तास झाले असावेत.

उपाध्यांनी टाक खाली ठेवला. चिखलेबाईंचं स्वतःचं अन्न त्या वर्षी रघू गिरणीवाल्याकडे होतं, म्हणून आधी त्याला बोलावणं गेलं. रघू पिठानं पांढरा होऊन आला आणि शपथेवर सांगून गेला की काल संध्याकाळपासून गजरामावशींकडून दाणाही आलेला नाही, पोट खपाटीला गेलंय. म्हणजे गजराबाईंच्या पोटात जे होतं, ते एकाच ठिकाणाहून येऊ शकत होतं.

सगळ्यांनी कलावतीबाईंकडे पाहिलं. कलावतीबाईंच्या कपाळावर घाम आला होता. त्या म्हणाल्या की सकाळी चक्कर आली, म्हणून आपल्या हातानं मूठभर दूधभात करून खाल्ला. स्वतःच्या हातचा. तेवढा पचतो.

खरं काय ते गजराबाईंना माहीत होतं. सकाळी दहाला पोटात चार धपाटी आली होती. वैजूची धपाटी, ओवा चुरून घातलेली, लोण्याच्या गोळ्यासकट, आणि अर्धवट चावलेली. ती आता अगदी मजेत पचत होती.

उपाध्ये म्हणाले, "चिखलेबाई, पंचनाम्यात नियम चौदा शिथिल करता येतो. तुम्ही बोललात तर खराडेबाईंची चिठ्ठी तुमच्याकडून काढावी लागेल, पण पुरावा ग्राह्य धरला जाईल. पोटात काय आहे?"

उंबऱ्यातून वैजू आईकडे बघत होती. धपाट्यांची चळत सकाळी कमी झालेली तिनं पाहिलीच असणार, आणि तिचं तोंड हळूहळू उघडं पडत चाललं होतं, म्हणजे मांजराचा उलगडा तिला तिथल्या तिथे झाला होता.

चार धपाटी, एवढे दोन शब्द पुरले असते. लेक सुटली असती, आणि जिलबीच्या परातीचाही हिशेब चुकता झाला असता. गजराबाईंनी दोन वर्षं अशा एका दुपारची वाट पाहिली होती. त्यांनी कलावतीबाईंकडे पाहिलं. कलावतीबाई पाटावर बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, आणि त्यांच्याच घरात, त्यांच्याच सोप्यात, सुनेच्या आणि लेकाच्या देखत त्यांचं नाव दाराआड चोरून खाणारी असं पडणार होतं. पंच वही मिटून आपापल्या घरी जातील. वैजूला मात्र संध्याकाळी याच बाईबरोबर चुलीपुढे बसायचं आहे, उद्याही, आणि पुढची तीस वर्षंही. आणि या सगळ्याच्या खाली, गजराबाईंना स्वतःचं नवल वाटलं, पण त्यांना त्या बाईची दयाही आली. भूक लागलेली असताना आवडीचं अन्न उभ्यानं, न चावता गिळायचं, हे काही सुख नव्हे. तीन महिने ते तुकडे त्यांनीच तर पचवले होते.

"ईनबाई म्हंत्यात त्येच हाय," गजराबाई म्हणाल्या. "दूधभात."

मुल्लांनी नळीकडे पाहिलं. दूधभात असा वाजत नाही हे त्यांना तीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं, पण पंचनाम्यात जबाब नळीचा घेत नाहीत. उपाध्यांनी लिहिलं: दूधभात, स्वहस्ते. मग ते म्हणाले की आता सुनेचं ताट.

वैजूनं ताट ठेवलं. ज्वारीची भाकरी, शेवग्याची आमटी, वांग्याचं भरीत, बाजूला चिमूटभर मीठ. आता कलावतीबाईंना अडवणारं कोणी नव्हतं. दोन घास खायचे, छाती चोळायची, ताट सारायचं. आखाडाला बैलगाडी जुंपायची. गजराबाईंकडचा पुरावा गजराबाईंनीच दूधभात म्हणून घालवला होता. त्यांना खुर्चीत धड बसवेना. पोटात गोळा आला, तो मात्र त्यांचा स्वतःचा होता.

कलावतीबाईंनी पहिला घास घेतला. तो गजराबाईंच्या पोटात पोचला तेव्हा त्यांना काहीतरी वेगळं वाटलं, पण काय ते कळलं नाही. दुसरा घास आला तेव्हा कळलं. घास बारीक चावलेला होता. अगदी मऊ, लाळेत भिजून गोडसर झालेला. तीन महिन्यांत असा घास त्या घरातून आला नव्हता.

तिसरा आला. चौथा आला. कलावतीबाई खाली मान घालून, कोणाकडे न बघता, सावकाश जेवत होत्या. भाकरी संपली. त्यांनी ताट पुसून घेतलं आणि डाव्या हातानं सुनेला खूण केली.

"अजून एक आण गं. आन् आमटी वरचीच नगं, तळातली वाढ."

वैजूनं वाढलं. विलास खांब सोडून पुढे आला आणि भरताचं पातेलं त्यानंच उचलून आणलं. आई काही बोलली नाही, त्यामुळे तो तिथेच बसला. उपाध्ये एकेक भाकरी वहीत नोंदवत होते. कलावतीबाई अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांना वाढत आलेल्या बाई. वाढून घेऊन बसण्याचं सुख त्यांना उशिरा सापडलं होतं, आणि त्या ते अर्ध्यावर सोडायला तयार नव्हत्या.

इकडे खुर्चीत गजराबाईंचे हाल सुरू झाले होते. चार धपाटी अजून दारातून पुढे सरकली नव्हती, आणि वरून तिसरी भाकरी येत होती. जठर ताणून ताणून फुग्याएवढं झालं. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीची दांडी धरली. पण तोंडातून एक अक्षर काढलं नाही. वेदना झाल्याची नोंद झाली असती, तर पचत नाही असाच अर्थ लागला असता. मुल्लांनी नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि जाहीर केलं की जठराचं काम उत्तम चालू आहे, खालचं दार वेळेवर उघडतंय, पित्त मुबलक आहे.

"लिवा," कलावतीबाई बोट चाटत म्हणाल्या. "सुनंच्या हातचं पचतंय. आधीबी पचत हुतं. माझीच तक्रार चुकीची."

उपाध्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं आणि अंगठ्यासाठी वही पुढे केली. कलावतीबाई सही करणाऱ्या होत्या. त्यांनी सही केली. वैजू उंबऱ्यातच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली, आणि विलास तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

कलावतीबाईंनी मान वर केली ती आता. समोर गजराबाई घामाघूम होऊन, डोळे मिटून, खुर्चीच्या पाठीला टेकल्या होत्या. ओठ कोरडे पडले होते. कालपासून त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता, आणि पोटात सात माणसांचं जेवण होतं.

"वैजे, आईला पानी दे," कलावतीबाई म्हणाल्या.

गजराबाईंनी डोळे न उघडताच हात हलवला. नको. लेकीचं घर होतं.

वैजूनं भरून आणलेला तांब्या तसाच तिच्या हातात राहिला. कलावतीबाई क्षणभर त्या तांब्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी तो सुनेच्या हातातून घेतला, पाटावरून उठल्या, सहा हातांचं अंतर चालून आल्या आणि गजराबाईंच्या खुर्चीला लागून खाली बसल्या. दोन वर्षांत त्या इतक्या जवळ आल्या नव्हत्या. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि पाणी पिऊ लागल्या. घाईनं नाही, एकेक घोट घेऊन, थांबून, गजराबाईंच्या तोंडाकडे बघत.

"पोचलं का, ईनबाई?"

"पोचलं," गजराबाई म्हणाल्या. "आजून दोन घोट घ्या."